तिरक्या कळांची कुळकथा

कीबोर्डवरच्या क्यू, ए आणि झेड या कळा वरून खाली पाहा. त्या एका उभ्या रेषेत नाहीत. प्रत्येक ओळ थोडी उजवीकडे सरकलेली आहे. ही रचना बोटांचा विचार करून झालेली नाही. अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या क्रिस्टोफर शोल्सने साथीदारांसह १८६८ मध्ये टाइपरायटरचे पेटंट घेतले आणि रेमिंग्टन कंपनीने १८७४ मध्ये ते यंत्र विक्रीला आणले. त्यात प्रत्येक कळेखालून एक दांडी मागे जाई. चार ओळींच्या दांड्या एकमेकींत न अडकता शेजारी शेजारी बसाव्यात, म्हणून ओळी सरकवाव्या लागल्या. पुढे दांड्या गेल्या, तिरपेपणा राहिला. उजव्या हाताला तो थोडाफार मानवतो. डाव्या हाताला मात्र तो सरळ उलटा पडतो.

दुसरे दुखणे अरुंदपणाचे. दोन्ही हात छातीसमोर जवळ आणले की मनगटे करंगळीच्या अंगाला मुरडतात. कळफलक मधोमध दुभागून दोन्ही भाग कलते ठेवावेत, हे क्लॉकेनबर्ग या जर्मन संशोधकाने १९२६ मध्येच सुचवले होते. ते मनावर घेतले ब्रिटनमधल्या लिलियन माल्ट यांनी. त्या टंकलेखन शिकवणाऱ्या, त्यामुळे बोटे कुठे अडतात हे त्यांना रोज दिसत होते. अभियंता स्टीफन हॉबडे यांच्यासह त्यांनी १९७० च्या दशकात माल्ट्रॉन हा कीबोर्ड घडवला. बोटे लहानमोठी असतात, म्हणून कळा खोलगट वाटीत बसवल्या. स्पेसबारपुरत्या राबणाऱ्या अंगठ्याला अनेक कळा दिल्या. माझ्या मते या साऱ्या कुळातली सर्वांत मोठी सुधारणा हीच. अमेरिकेतल्या किनेसिस कंपनीने १९९२ मध्ये तीच वाट धरली. पुढे अर्गोडॉक्स या दुभागलेल्या कीबोर्डचे आराखडे सर्वांसाठी खुले झाले आणि लोक घरीच डाग देऊन दोन तुकड्यांचे कीबोर्ड जोडू लागले.

मराठी लिहिण्याच्या आपल्या इन्स्क्रिप्ट कळरचनेला ही फाळणी छान जुळते. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये प्रमाण ठरवलेल्या या रचनेत स्वर आणि मात्रा डाव्या हाताकडे, तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे आहेत. 'का' लिहिताना 'क' उजवा हात देतो, काना डावा.

नवा कीबोर्ड घेताना कळेखालचा स्विच लाल, तपकिरी की निळा, याचीच चर्चा आधी होते. तो आवडीचा प्रश्न आहे, आणि अनेक कीबोर्डांत स्विच नंतरही बदलता येतो. तुम्ही आधी दोन्ही हात खांद्यांच्या रुंदीवर टेबलावर ठेवा, मनगटे सरळ करा, आणि तिथवर पोहोचणारा कीबोर्ड निवडा.