साठ ते पासष्ट

योकोहामाच्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणारे गृहस्थ गेल्या मार्चअखेर साठाव्या वर्षी निवृत्त झाले. पुष्पगुच्छ, भाषणं, फोटो, सगळं रीतसर. एप्रिलच्या पहिल्या दिवशी बघतो तर स्वारी त्याच खुर्चीत! काम तेच. फक्त पद गेलेलं, करार एकेका वर्षाचा आणि पगार बराच कमी. अशा माणसाला इथे 'शोकुताकु' म्हणतात.

"पेन्शन पासष्टला. तोवर जेवायला हवं ना," ते हसत म्हणाले.

मला बाबा आठवले. कंपनीतून ५८व्या वर्षी निवृत्त, ईपीएसचं पेन्शनही ५८व्या वर्षीच. त्या रकमेत काय येतं ते सोडा, पण तारखा तरी जुळल्या. इथे का जुळत नाहीत, हे मी शोधत बसलो.

एके काळी जुळत होत्या. सक्तीच्या निवृत्तीला जपानीत 'तेइनेन' म्हणतात. ते वय बहुतेक मोठ्या कंपन्यांत ५५ असायचं, आणि १९४२ साली सुरू झालेलं कामगारांचं पेन्शनही ५५लाच मिळायचं. मग १९५४ च्या कायद्याने पुरुषांचं पेन्शनचं वय टप्प्याटप्प्याने ६० वर न्यायचं ठरवलं. १९७३ पर्यंत ते तिथे पोचलं. कंपन्या मात्र कितीतरी वर्षं ५५लाच हार घालत राहिल्या. पहिली फट ही.

ती बुजवायचा कायदा झाला १९९४ साली: १९९८ पासून कुणालाही साठीच्या आत तेइनेन लावायचं नाही. छान. पण त्याच १९९४ साली दुसऱ्या कायद्याने पेन्शनचा एक भाग ६५ कडे सरकवायला घेतला. २००० साली उरलेल्या भागाचंही तेच ठरलं. एका हाताने भिंत लिंपायची आणि दुसऱ्या हाताने उकरायची! एप्रिल १९६१ नंतर जन्मलेल्या पुरुषांना आता ६५ पर्यंत नेहमीचं पेन्शन काहीच नाही. बायकांचं हेच वेळापत्रक पाच वर्षं मागे.

मग २००६ पासून कंपन्यांवर बंधन आलं, की ६५ पर्यंत काम द्या. त्यासाठी तेइनेन वाढवा, रद्द करा किंवा माणसाला पुन्हा नोकरीवर घ्या. बहुतेकांनी तिसरा, स्वस्त मार्ग धरला.

यावर भांडले ते तीन ट्रक ड्रायव्हर. साठीनंतरही तेच सिमेंटचे टँकर चालवत होते, कमाई मात्र सुमारे २० टक्क्यांनी कमी. २०१६ साली टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने त्यांची बाजू घेतली, वरच्या न्यायालयाने ती फिरवली. २०१८ साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, निवृत्त होऊन परतलेल्यांचा पगार कमी असणं बव्हंशी गैर नाही. पेन्शन सुरू होईपर्यंत कंपनी त्यांना महिना २० हजार येन जादा देत होती, तेही न्यायालयाने जमेस धरलं. ड्रायव्हरांच्या पदरात मुख्यतः पडला तो न चुकता हजर राहण्याचा भत्ता: महिना ५ हजार येन. ही रक्कम मी दोनदा वाचली.

शेजारच्या गृहस्थांना आणखी एक वाट आहे. साठीलाच पेन्शन मागता येतं, पण महिन्याला ०.४ टक्के या दराने २४ टक्के कापून, आणि तेही जन्मभरासाठी. परवा जेवणाच्या सुट्टीत ते कॅल्क्युलेटर घेऊन बसले होते. आईचं वय ९१, असं त्यांनी सहज सांगितलं आणि कॅल्क्युलेटर ड्रॉवरमध्ये ठेवून दिला.