गर्भरक्षक संप्रेरके : एका औषधाचा इतिहास आणि स्त्रीच्या संमतीचा प्रश्न

प्रस्तावना

गर्भ टिकावा म्हणून स्त्रीला काहीतरी द्यावे, ही इच्छा फार जुनी आहे. परंतु ते 'काहीतरी' प्रयोगशाळेत तयार झालेले संप्रेरक असावे, ही कल्पना विसाव्या शतकातील आहे. 1929 मध्ये कॉर्नर आणि अ‍ॅलन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी पीतपिंडातील द्रव्य गर्भधारणेसाठी आवश्यक असल्याचे दाखविले. 1934 मध्ये ते शुद्ध स्वरूपात वेगळे झाले व पुढे प्रोजेस्टेरॉन या नावाने ओळखले गेले. ज्याच्या अभावाने गर्भ टिकत नाही, ते बाहेरून दिल्यास गर्भ टिकेल, असा सरळ तर्क यातून निघाला. प्रस्तुत लेखात या तर्काचा प्रवास तपासण्याचा प्रयत्न केला आहे. लाखनीसारख्या धानपट्ट्यातील तालुक्याच्या गावी बसून या विषयाकडे पाहण्याचे कारण एवढेच की, रोवणीच्या चिखलात दिवसभर वाकून उभ्या राहणाऱ्या स्त्रीला लिहून दिलेल्या गोळीची माहिती सर्वांत शेवटी मिळते.

बोस्टनचा धडा

1938 मध्ये इंग्लंडमध्ये चार्ल्स डॉड्स यांनी डायइथिलस्टिल्बेस्ट्रॉल हे कृत्रिम इस्ट्रोजेन तयार केले. ते स्वस्त होते आणि तोंडाने घेता येत असे. चाळीसच्या दशकात बोस्टन येथील स्मिथ दाम्पत्याने गर्भपात टाळण्यासाठी त्याचा पुरस्कार केला आणि ते अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर वापरले जाऊ लागले. 1953 मध्ये शिकागो येथे डीकमन व सहकाऱ्यांनी सुमारे 1600 गर्भवतींवर तुलनात्मक चाचणी केली. एका गटाला औषध आणि दुसऱ्या गटाला निष्क्रिय गोळी, अशी तिची रचना होती. औषधाचा कोणताही लाभ दिसला नाही. तरीही पुढील अठरा वर्षे ते लिहून दिले जात राहिले! इतिहासाच्या अभ्यासकाला या अठरा वर्षांचे कोडे औषधाच्या शोधापेक्षा अधिक महत्त्वाचे वाटते.

एप्रिल 1971 मध्ये हर्बस्ट व सहकाऱ्यांनी तरुण मुलींमधील योनिमार्गाच्या एका दुर्मीळ कर्करोगाची आठ उदाहरणे मांडली. त्यांपैकी सात मुलींच्या मातांनी गरोदरपणात हेच औषध घेतले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकन औषध प्रशासनाने गर्भवतींना ते न देण्याचा इशारा दिला. इजा ज्या पिढीला झाली, तिने गोळी घेतलीच नव्हती.

भारतातील लढा

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या रूपात आला. इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन यांचे मोठ्या मात्रेचे मिश्रण गर्भधारणेची परीक्षा म्हणून विकले जात असे. गोळ्या घेतल्यावर रक्तस्राव झाला तर दिवस गेलेले नाहीत, न झाला तर गेले आहेत, असा त्याचा हिशेब. 'ई. पी. फोर्ट' हे नाव त्या काळी प्रसिद्ध होते. पाळी चुकलेल्या अनेक स्त्रिया ते 'पाळी आणण्याची गोळी' समजून घेत. गर्भ राहिला असेल तर तो पडेल, ही समजूत चुकीची होती. बहुधा गर्भ तसाच वाढत राही. एका कुळातील संप्रेरके गर्भ राखण्यासाठी आणि गर्भ पाडण्यासाठीही विश्वासाने घेतली जात होती, हा विरोधाभास नोंदवण्याजोगा आहे.

1967 मध्ये इंग्लंडमध्ये इझाबेल गाल यांनी अशा परीक्षांचा जन्मजात व्यंगांशी संबंध असल्याची शंका मांडली होती. हा कार्यकारणसंबंध आजही वादग्रस्त आहे. 2017 च्या ब्रिटिश तज्ज्ञगटाने तो सिद्ध होत नसल्याचे म्हटले, तर 2020 च्या स्वतंत्र चौकशीने ही परीक्षा 1967 पासूनच थांबवायला हवी होती, असे मत नोंदविले. पर्यायी मूत्रपरीक्षा उपलब्ध असताना जोखीम का घ्यावी, हा मुद्दा मात्र वादातीत आहे.

भारतात 1982 मध्ये या मिश्रणावर बंदीचा आदेश निघाला. उत्पादकांनी न्यायालयातून स्थगिती मिळविली. 1974 साली स्थापन झालेले मेडिको फ्रेंड सर्कल, महाराष्ट्रातील लोकविज्ञान संघटना आणि स्त्रीसंघटना यांनी हा विषय लावून धरला. 1987 मध्ये औषध नियंत्रकांनी मुंबईसह प्रमुख महानगरांत जाहीर सुनावण्या घेतल्या. औषधाच्या प्रश्नावर सामान्य स्त्रियांचे म्हणणे शासनाने ऐकावे, ही घटना विलक्षणच म्हणावी लागेल. जून 1988 मध्ये बंदी आली. त्याच्या पुढच्याच वर्षी राणी व अभय बंग यांचा गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्या 650 स्त्रियांपैकी 92 टक्क्यांना स्त्रीरोग होता. पूर्वी तपासणी झालेल्या केवळ 8 टक्के होत्या. तपासणीशिवाय गोळी घेण्याची मुळे या आकड्यांत दिसतात.

आजची स्थिती

प्रत्येक संप्रेरक म्हणजे डायइथिलस्टिल्बेस्ट्रॉल नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत 4153 गर्भवती सहभागी होत्या. गरोदरपणाच्या सुरुवातीला रक्तस्राव झालेल्या सर्वांना प्रोजेस्टेरॉनचा ठोस लाभ दिसला नाही. मात्र पूर्वी तीन किंवा अधिक गर्भपात झालेल्यांमध्ये जिवंत अपत्यजन्माचे प्रमाण 57 वरून 72 टक्क्यांवर गेले. हे औषध नैसर्गिक रचनेचे होते, कृत्रिम प्रकाराचे नव्हे. याउलट अकाली प्रसूती टाळण्यासाठी 2011 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेले एक कृत्रिम इंजेक्शन लाभ सिद्ध न झाल्याने 2023 मध्ये मागे घेण्यात आले. तेव्हा रक्तस्राव आहे का, पूर्वी किती गर्भपात झाले, कोणता प्रकार, किती मात्रा, किती आठवडे, हे डॉक्टरांनी ठरविल्याशिवाय 'गर्भ टिकण्याची गोळी' या नावाने काहीही घेणे योग्य नाही. तसेच चालू असलेले औषध न विचारता बंद करणेही योग्य नाही.

गर्भपरीक्षेसाठी आता आशा कार्यकर्तीकडे मूत्रतपासणीचे 'निश्चय' किट असते. औषधाची नोंद मात्र अनेकदा चिठ्ठीवरच राहते आणि चिठ्ठी हरवते. अमेरिकेत 1971 नंतर मुलींनी आईला औषधाचे नाव विचारले, तेव्हा अनेक मातांना ते सांगता आले नाही. माता व बाल संरक्षण कार्डावर गरोदरपणात दिलेल्या संप्रेरकाचे नाव, मात्रा आणि कालावधी लिहिण्यास एका ओळीपेक्षा अधिक जागा लागत नाही.