छाटेचा हिशेब

माझी माय बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात कापलेली तेंदूची पानं, शेजारी तंबाखू आणि धाग्याचं रीळ. पंचवीस बिड्यांचा एक कट्टा, चाळीस कट्टे झाले की हजारी. मजुरी हजारीवर मिळायची, पण छाट वजा जाऊन. संध्याकाळी पान-तंबाखू देणाऱ्या सट्टेदाराच्या ओट्यावर चेकर कट्टा सोडायचा, बिडी बोटांत फिरवायचा आणि सैल, बारीक, फुटक्या तोंडाची असेल ती बाजूला टाकायचा. ती छाट.

आमचं गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्याचाच भाग होतं. वेगळा जिल्हा झाला १ मे १९९९ला. भोवती तेंदूची जंगलं, दाराशी रेल्वे आणि धानाचा हंगाम सरला की रिकामे हात. बिडीचा धंदा इथं रुजला तो या तिन्हींवर. यंत्र कुठंच नव्हतं. माल तपासायचं साधन एकच, चेकरचे डोळे.

मी शाळेत जायची, म्हणून अंगणात बिड्या वळत बसणाऱ्या, मायसकट चौघींचा हिशेब माझ्या वहीत. तारीख, वळलेल्या बिड्या, गेलेली छाट. एके दिवशी मायची छाट फार गेली. मी विचारलं तर म्हणाली, "पानच सडकं होतं बाई, हात काय करतील?" वही पाहिली, तर त्या दिवशी चौघींचीही छाट वाढलेली. पान सट्टेदाराचं, पैसे कापले गेले चौघींचे.

पुढे नागपूरला संख्याशास्त्र शिकताना वॉल्टर शूहार्ट हे नाव भेटलं. अमेरिकेत टेलिफोनची यंत्रसामग्री तपासताना या माणसानं १९२४ साली नियंत्रण तक्ता मांडला. त्याचं म्हणणं असं की दोष रोज थोडा कमीजास्त होणारच, तो योगायोगाचा खेळ. आकडा ठरावीक मर्यादेबाहेर गेला, तरच खास कारण शोधायचं. भारतीय संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या निमंत्रणावरून शूहार्ट १९४७-४८च्या सुमारास भारतात येऊन गेले आणि त्यानंतर आपल्या कारखान्यांत ही पद्धत पसरू लागली. सट्टेदाराच्या ओट्यापर्यंत ती कधी आली नाही.

आली असती तर काय दिसलं असतं? समजा, एखादीच्या बिड्यांत हजारी तीस छाट नेहमीचीच आहे. मग नुसत्या योगायोगानं तो आकडा एखाद्या दिवशी चौदापर्यंत उतरेल, एखाद्या दिवशी सेहेचाळीसपर्यंत चढेल. चाळीस आली म्हणून तिला बोल लावण्यात अर्थ नाही. पण एकाच दिवशी चौघींची साठ-साठ आली, तर हात तपासू नका, पानाचं पोतं उघडा.

दुसरी गोष्ट नमुन्याची. घाईच्या दिवशी चेकर एकच कट्टा सोडायचा आणि त्यावरून अख्ख्या हजारीची छाट ठरवायचा. शेकडा पाच बिड्या खराब असलेल्या मालातून पंचवीसचा एक कट्टा उचला. चारांत एकदा तरी त्यात एकही खराब बिडी सापडणार नाही आणि साधारण आठांत एकदा तीन किंवा त्याहून जास्त सापडतील. तीन म्हणजे हजारी एकशेवीस! माल तोच, हात तेच. नशीब तेवढं कट्ट्याचं.

१९६६ साली बिडी व सिगार कामगारांचा कायदा झाला. त्याखालच्या महाराष्ट्राच्या नियमांत छाटेला मर्यादा आली: सामान्यतः शेकडा पाचाहून जास्त माल नाकारायचा नाही आणि कामगाराचा मुद्दाम हलगर्जीपणा नसेल तर नाकारलेल्या बिडीचीही निम्मी मजुरी द्यायची. मालक मंडळी न्यायालयात गेली. १९७४ साली मंगलोर गणेश बिडी वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं कायदा वैध ठरवला.

या नियमात मला शूहार्टच भेटतो. हातानं केलेल्या कामात थोडी छाट निघणारच आणि तिचा सगळा भार वळणारीवर टाकता येत नाही, हे कायद्यानं मान्य केलं. फक्त कमाल आकडा बांधला, कारण शोधायचं राहून गेलं. ते कारण आमच्या वहीत होतं, कारण तिथं चौघींचे आकडे शेजारीशेजारी होते. एकटीचा आकडा तिचाच दोष वाटतो.

म्हणून आजही जी बाई बिड्या वळते तिला माझं सांगणं: छाट रोज लिहून ठेव, आणि शेजारणीचीही लिही.