पतियाळ्याच्या गाडीत, मागच्या सीटवर

1911 च्या उन्हाळ्यात चला. इंग्लंड, सॉमरसेट परगणा, टाँटनचं मैदान. लाकडी बाकावर तुम्ही अवघडून बसलात, कारण आपल्या भारतीय संघाचे नऊ गडी गेलेत आणि धावा अजून व्हायच्यात. खेळपट्टीवर शिवराम पालवणकर आहे, शतक ओलांडलेला. त्याचा थोरला भाऊ बाळू याच संघात आहे. पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर महिना चार रुपयांवर खेळपट्टीची निगा राखणारा, सरावाला साहेबांना चेंडू टाकणारा, हिंदूंच्या संघात घेतल्यावरही जातीमुळे चहा मात्र बाहेर, मातीच्या भांड्यात प्यावा लागलेला बाळू. या दौऱ्यात तो शंभरावर बळी घेणार आहे. शिवराम 113 वर नाबाद राहतो आणि आपण एका गड्याने जिंकतो. आजूबाजूचे इंग्रज बेताने टाळ्या वाजवतात. तुम्ही खुशाल शिट्टी मारा, इथे कुणी ओळखीचं नाही.

आता संघाचा कप्तान शोधा. सापडायचा नाही. पतियाळ्याचे महाराज भूपिंदरसिंग, वय वर्षं एकोणीस, मोजके सामने खेळून इतर कामांना लागलेत. पंचम जॉर्जच्या राज्याभिषेकाचं वर्ष आहे. मेजवान्या आहेत, भेटीगाठी आहेत. दौऱ्यातले बहुतेक सामने भारत हरतो. तुमच्या मनात येईल, असला कप्तान काय कामाचा? पण थांबा, घाई करू नका. या माणसाचा हिशेब एका मैदानावर लागत नाही.

वीसेक वर्षं पुढे या. पतियाळा, मोतीबाग राजवाडा. मोटारखान्याचा दरवाजा सरकतो आणि पेट्रोल, मेण आणि कातड्याचा वास नाकात जातो. रोल्स-रॉइस मोजायला लागाल तर वेळ जाईल. कुणी वीस सांगतं, कुणी चव्वेचाळीस, आणि राजेरजवाड्यांवरच्या पुस्तकांत आकडा जसा फुगतो तसा हाही फुगलेला असणार. मोटारीची हौस घरातली आहे. वडील राजिंदरसिंगांकडे देशातली पहिली मोटार होती असं पतियाळ्यात अभिमानाने सांगतात. एका गाडीत बसा. गादी खोल आहे, पाय जमिनीला नीट टेकत नाहीत. महाराज स्वतः आडव्या बांध्याचे, सहा फुटांवरचे. गाड्या त्यांच्या मापाच्या. खरं सांगायचं तर मला हा संग्राहक वाटत नाही. संग्राहक निवडतो, नाकारतो. हे गृहस्थ दिसेल ते घरी आणतात. 1928 मध्ये पॅरिसच्या कार्तिएने त्यांच्यासाठी हार घडवला त्यात 2,930 हिरे होते. घोडे, कुत्रे, पोलोचा संघ, सगळं त्याच प्रमाणात.

आणि कुटुंबही. राण्या किती, मुलं किती, हे प्रत्येक लेखकाने वेगळं लिहिलंय. कुटुंबवत्सल हा शब्द इथे वापरताना कुणालाही हसू येईल. तरी एक गोष्ट नोंदवायला हवी, या बापाने मुलांच्या हातात बॅट दिली. फेब्रुवारी 1934 मध्ये मद्रासला चला, चेपॉकवर. समोर जार्डिनचा इंग्लंड संघ आहे. याच कसोटीत क्लार्कचा चेंडू नौमल जाऊमलच्या चेहऱ्यावर बसलाय. आणि फलंदाजीला येतो पतियाळ्याचा युवराज, यादविंदरसिंग, जेमतेम विशीतला. पहिल्या डावात 24. दुसऱ्यात सामना हातातून गेलेला असताना 60. युवराज म्हणून संघात घेतलं, असं शेजारी कुणी कुजबुजत असेल. ते खरंही असेल. पण त्या साठ धावा बापाच्या तिजोरीतून आलेल्या नाहीत, त्या त्याने त्या खेळपट्टीवर काढल्या. तो पुन्हा कसोटी खेळला नाही.

त्याच वर्षी जुलैमध्ये सिमल्याला वर चढा. क्रिकेट नियामक मंडळाची बैठक चालू आहे, तुम्ही मागच्या खुर्चीत. मंडळाचे चिटणीस अँथनी डि'मेलो एक चित्र काढून दाखवतात: ग्रीक कलशाच्या घाटाचा चषक, प्रांतांच्या स्पर्धेसाठी. पैसे कोण देणार, हा प्रश्न मंडळी मनातल्या मनात चघळत असतानाच भूपिंदरसिंग उठतात. पाचशे पौंडांचा सोन्याचा चषक आपण देऊ म्हणतात, आणि नाव आदल्याच वर्षी वारलेल्या रणजितसिंहजींचं. रणजी भारतासाठी एकही सामना खेळले नव्हते, इंग्लंडसाठी खेळले. त्यांच्या नावाने भारतातली सर्वांत मोठी स्पर्धा व्हावी हा इतिहासाचा खट्याळपणा. पुढे विझियानगरमच्या महाराजकुमारांनी व्हाइसरॉय विलिंग्डनच्या नावाचा दुसरा चषक पुढे केला, बराच शह-काटशह झाला, पण टिकला पतियाळ्याचाच. पहिल्या मोसमात तो मुंबईने जिंकला.

इथवर मजेत आलात. आता गाडी थोडी आडवाटेला घेऊ.

जानेवारी 1935. पतियाळ्याचाच तुरुंग. आत सेवासिंग ठीकरीवाला आहेत, प्रजामंडळाचे पुढारी. संस्थानात शेतकऱ्यांना, सामान्य माणसांना काही बोलायची सोय हवी म्हणून झगडणारे. तुरुंगात उपोषण करून ते याच महिन्यात मरण पावतात. पाच वर्षांपूर्वी, 1930 मध्ये, संस्थानी प्रजा परिषदेने नेमलेल्या समितीने महाराजांच्या कारभारावरच्या गंभीर आरोपांचा अहवाल छापला होता. महाराजांनी ते सगळं नाकारलं. सरकारी चौकशीत ते सुटलेही. चौकशी करणारा मात्र ब्रिटिश अधिकारीच होता. तुरुंगाच्या भिंतीशी उभं राहून बघा. ज्या तिजोरीतून चषक आला, रोल्स आल्या, त्याच तिजोरीतून या भिंतीचा चुनाही आला.

आणि 1935 हेच बर्लिनचंही साल. घराण्यात पुढे सांगितली गेलेली गोष्ट अशी: भूपिंदरसिंगांना हिटलरला भेटायचं होतं. तो नाखूष होता, दहा-पंधरा मिनिटं दिली, ती तास झाली, जेवण झालं, दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावणं आलं. शेवटी भेट म्हणून पिस्तुलं आणि एक बारा सिलिंडरची मायबाख. तुम्ही बाहेर फुटपाथवर थांबा, आत जाण्यात अर्थ नाही. ती गाडी जहाजाने भारतात आली, युद्ध सुरू झाल्यावर मोटारखान्यात दडवून ठेवली गेली आणि नंतर विकली गेली, असं सांगतात. या गोष्टीत महाराजांचा मुत्सद्दीपणा पाहणारे लोक आहेत. मला त्यात फक्त गाड्यांचा हव्यास दिसतो, आणि देणाऱ्याकडे पाहायचं नाही ही सवय.

त्याच हिवाळ्यात मात्र जॅक रायडरच्या ऑस्ट्रेलियन संघाला भारतात आणण्याचा खर्चही हाच माणूस उचलतो. दौऱ्याची व्यवस्था पाहतो फ्रँक टॅरंट, महाराजांच्या पदरी असलेला ऑस्ट्रेलियन क्रिकेटपटू. आपले खेळाडू परदेशी संघासमोर उभे राहायला शिकले, त्यात या पैशांचा वाटा मोठा.

23 मार्च 1938. भूपिंदरसिंग सेहेचाळिसाव्या वर्षी जातात. गाड्या पुढे पांगल्या, मोटारखाना रिकामा झाला. घरातला खेळ सुरू राहिला. मुलगा भालिंदरसिंग भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष झाले, 1982 चे आशियाई खेळ दिल्लीत आणण्यात त्यांचा हात होता. नातू रणधीरसिंग बंदूक घेऊन पाच ऑलिंपिक खेळले आणि 1978 मध्ये बँकॉकच्या आशियाई खेळांतून सोनं घेऊन आले.

राजा म्हणून मी त्यांना पास करणार नाही. क्रिकेटचा आश्रयदाता म्हणून त्यांच्या तोडीचा दुसरा मला सुचत नाही. दोन्ही मतं एकमेकांना खोडत नाहीत, आणि ठीकरीवाल्यांचं नाव वगळून चषकाची कथा सांगणं मला मंजूर नाही.

तो चषक मुंबईने 2024 पर्यंत 42 वेळा जिंकला. विदर्भाच्याही घरी तो जाऊन आला. पुढच्या हिवाळ्यात तुमच्या गावाजवळ रणजीचा सामना लागला, तर एक दिवस जाऊन बसा. बहुतेक ठिकाणी तिकीट लागत नाही, आणि जागा हवी तिथे मिळते.