खुणा, पडसाद आणि पडदा : होडीवरच्या मासेशोधक यंत्राची गोष्ट

१ जून ते ३१ जुलै ही मासेमारी बंदी लागली की कोळीवाड्यात खर्चाचे दिवस येतात. जाळी दुरुस्त करायची, होडीला रंग काढायचा, इंजिन खोलायचं. हल्ली या यादीत आणखी एक वस्तू आली आहे, जीपीएस असलेलं फिश फाइंडर. पुष्कळ घरांत त्याचे पैसे बाईच्या टोपलीतून किंवा बचत गटाच्या कर्जातून जातात. म्हणून हे यंत्र आलं कुठून, करतं काय आणि वापरायला सुरुवात कशी करायची, हे आज आपण समजून घेऊ.

यंत्र नव्हतं तेव्हाही मासा मिळतच होता. तांडेल किनाऱ्याकडे पाहून खुणा धरायचे. देवळाचा कळस आणि मागच्या डोंगराचं टोक एका रेषेत आलं, आणि दुसऱ्या बाजूला माड आणि खडकही एका रेषेत आला, की त्या दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात तीच जागा. रात्री ध्रुवतारा असायचा. पाणी किती वाव आहे ते दोरीला बांधलेलं शिसं सोडून कळायचं. शिशाच्या तळाला चरबी लावली की रेती किंवा चिखल चिकटून वर यायचा. म्हणजे जागा, खोली आणि तळ या तिन्ही गोष्टी तेव्हाही शोधल्याच जात होत्या. नवं यंत्र याच तीन गोष्टी सांगतं.

आधी खोलीचं पाहू. विहिरीत हाक मारली की पडसाद येतो, तसंच हे आहे. यंत्र पाण्यात आवाज सोडतं. आपल्या कानाला न ऐकू येणारा हा आवाज पाण्यात सेकंदाला साधारण १,५०० मीटर जातो. तो तळाला आपटून सेकंदाच्या शंभर भागांपैकी चार भागांत परत आला, तर जाऊन-येऊन ६० मीटर झाले. म्हणजे पाणी ३० मीटर. १९१२ साली टायटॅनिक बुडालं, त्यानंतर पाण्यातल्या पडसादाच्या शोधाला जोर आला. पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्यासाठी फ्रान्समध्ये पॉल लांजवँ यांनी तो पुढे नेला.

या पडसादांच्या आकड्यांवरून समुद्रतळाचा नकाशा काढणारी एक बाई होती, अमेरिकेतल्या मेरी थार्प. तेव्हा बायकांना संशोधनाच्या जहाजावर घेत नसत. पुरुष समुद्रावरून आकडे आणत आणि थार्प जमिनीवर बसून नकाशा काढत. अटलांटिक महासागराच्या मध्यातल्या डोंगररांगेत एक लांबलचक दरी आहे, असं त्यांनी दाखवलं, तेव्हा सहकाऱ्याने ते बायकी बोलणं म्हणून उडवून लावलं. पुढे ती दरी खरी निघाली.

मासा शोधण्याचं काम जपानमधल्या नागासाकी भागातल्या फुरुनो बंधूंनी केलं. त्यांचा धंदा होड्यांवरच्या विजेच्या दुरुस्तीचा. पाण्यावर बुडबुडे दिसतात तिथे खाली मासा असतो, हे मच्छीमारांकडून त्यांनी ऐकलं होतं. मग हवेचा पडसादही येणारच, असा त्यांचा विचार. बऱ्याच माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, आणि तिच्यावरून आवाज जोरात परत येतो. युद्धानंतर उरलेली खोली मोजायची यंत्रं घेऊन त्यांनी प्रयोग केले आणि १९४८ मध्ये मासेशोधक यंत्र विक्रीला आणलं. जुन्या मच्छीमारांचा सुरुवातीला त्यावर विश्वास बसला नाही. जाळी भरून येऊ लागली तेव्हा बसला.

आता जागेचं. जीपीएस अमेरिकेच्या लष्कराने १९७३ पासून उभं केलं आणि त्याचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडला. १९८३ मध्ये कोरियाचं प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत गेलं आणि पाडलं गेलं. २६९ माणसं मेली. त्यानंतर ही सोय सर्वांना देण्याचं अमेरिकेने जाहीर केलं. तरी सामान्यांच्या संदेशात मुद्दाम चूक ठेवलेली असे, जागा शंभर मीटरपर्यंत हुकायची. मे २००० मध्ये ती चूक काढली, आणि तेव्हापासून लहान होडीलाही याचा खरा उपयोग होऊ लागला. जागा इतकी नेमकी कळायला पृथ्वीचा नेमका आकार माहीत असावा लागतो. तो गणिताने काढणाऱ्यांत शेतकरी घरातल्या ग्लॅडिस वेस्ट या कृष्णवर्णीय बाई होत्या.

आता सुरुवात कशी करायची ते ऐका. आवाज सोडणारा भाग होडीच्या तळाशी, कायम पाण्यात राहील असा आणि पंख्याच्या फेसापासून दूर बसवा. फेसात तो आंधळा होतो. खोलीचं माप मीटरमध्ये ठेवा. पडद्याच्या उजव्या कडेला आत्ताचं दिसतं, डावीकडे मागे गेलेलं. पडदा होडीच्या खालचं दाखवतो, पुढचं नाही. म्हणून खडकाचा इशारा त्यावरून मिळेल असं समजू नका. सगळीकडे ठिपके दिसले तर संवेदना कमी करा. कमानीसारखी खूण बहुतेक वेळा मासा असते, पण कोणता मासा ते यंत्र सांगत नाही.

जीपीएसला मोकळं आकाश आणि किमान चार उपग्रह लागतात. पहिली नोंद बंदराच्या तोंडाची करा, म्हणजे धुक्यातही घर सापडेल. दुसरी नोंद खडकांची. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेकडून मासे मिळण्याच्या संभाव्य जागांची माहिती मराठीतही येते. त्यात दिशा, अंतर, खोली, अक्षांश आणि रेखांश असतात. ते आकडे अंश-मिनिट-सेकंदात आहेत की मिनिटाच्या दशांशात, ते पाहून यंत्रही तसंच लावा. १८ अंश ३० मिनिटं ३० सेकंद म्हणजे दशांशात ३०.५० मिनिटं. कुणी ३०.३० घातलं, तर होडी साधारण ३७० मीटर चुकते. हे आकडे वहीत उतरवायचं काम शाळेत शिकलेली मुलगी चांगलं करू शकते. होकायंत्र मात्र होडीवर राहू द्या. बॅटरी संपली की पडदा काळा होतो.

एक काळजीही आहे. पडदा सगळ्यांच्या होडीवर आला की मासा लपायची जागा उरत नाही. हप्ता फेडायचा म्हणून पिल्लंही धरली, तर पुढच्या वर्षी टोपलीत काय घालणार? तेव्हा कर्ज मंजूर करताना गटाने दोन प्रश्न विचारावेत: जाळ्याचा डोळा केवढा आहे, आणि हप्ता कमी मासळीच्या महिन्यातही झेपेल का?

आणि बंदी उठण्याआधी, नारळी पौर्णिमेची तयारी चालू असताना, एक काम करा. घरातल्या, वाडीतल्या म्हाताऱ्या तांडेलांजवळ वही घेऊन बसा. कोणत्या खुणेवर कोणता मासा, कोणत्या महिन्यात, किती वाव पाण्यात, कुठे खडक, ते लिहून घ्या. मग होडी त्या जागेवर गेली की जागा यंत्रात साठवा आणि आकडे वहीतही लिहा. विकत आणलेल्या यंत्रात ही माहिती नसते. ती सध्या त्या म्हाताऱ्या माणसांजवळच आहे, आणि ती आहेत तोवरच विचारता येईल.