आगाखानांचे बक्षीस आणि एक साधे विमान

आगाखान तिसरे म्हटले की आपल्याला मुस्लिम लीग, गोलमेज परिषद आणि पुण्याचा आगाखान पॅलेस आठवतो. पण १९२९ साली त्यांनी जाहीर केलेल्या एका बक्षिसाचा आपल्याकडे फारसा उल्लेख होत नाही. इंग्लंड ते हिंदुस्थान हा प्रवास, कोणत्याही दिशेने, एका महिन्याच्या आत एकट्याने विमान चालवून करणाऱ्या पहिल्या हिंदी माणसाला ५०० पौंड! अट हिंदी असण्याची होती, मुस्लिम असण्याची नव्हती.

मैदानात तिघे उतरले. मनमोहन सिंग, जे. आर. डी. टाटा आणि अवघ्या १७ वर्षांचे अस्पी इंजिनिअर. एक शीख, दोन पारशी. तिघांचेही विमान एकच होते, जिप्सी मॉथ. मला हा योगायोग वाटत नाही.

जेफ्री डी हॅविलंड यांचे मॉथ १९२५ साली पहिल्यांदा उडाले. मागेपुढे दोन आसने, लाकडी सांगाडा, चार सिलिंडरचे इंजिन. पंख मागे दुमडले की ते मोटारीच्या गॅरेजएवढ्या जागेत मावे. वेगात त्याला मागे टाकणारी विमाने पुष्कळ होती. पण ब्रिटिश सरकारच्या मदतीने निघालेल्या फ्लाइंग क्लबांनी शिकवण्यासाठी हेच घेतले. माणूस ज्यावर शिकतो, तेच विकत घेतो. मग त्याचे सुटे भाग आणि त्याची ओळख असलेला मेकॅनिक ठिकठिकाणी मिळू लागतो. याच मे १९३० मध्ये एमी जॉन्सनने जुनी, वापरलेली जिप्सी मॉथ घेऊन एकटीने इंग्लंडहून ऑस्ट्रेलिया गाठली.

या निवडीचे मोल इजिप्तमधल्या अबुकीरला कळले. टाटा कराचीहून लंडनकडे निघाले होते, अस्पी लंडनहून कराचीकडे. अस्पी स्पार्क प्लगसाठी तिथे अडकून पडले होते. टाटांकडे जादा प्लग होते. दोघांचे इंजिन एकच, म्हणून ते बसलेही. टाटांनी ते प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकले. अस्पींनी आपले लाइफ जॅकेट त्यांना दिले.

बक्षीस अस्पींना मिळाले. मनमोहन सिंग पोहोचले होते, पण मुदत उलटून गेल्यावर. अस्पी पुढे भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. टाटांनी १९३२ साली कराची–मुंबई टपाल विमानसेवा सुरू केली. हरलेल्याचेही काही बिघडले नाही.

टाटांचा दिलदारपणा आपण सांगतो, तो सांगायलाच हवा. पण विमाने वेगवेगळी असती, तर तो दिलदारपणा अस्पींच्या काय कामाचा होता? आजही कुणी पहिले छोटे विमान घ्यायला निघाला, तर मी त्याला वेग विचारणार नाही. तुझ्या क्लबात कोणते शिकवतात? जवळचा मेकॅनिक कोणते उघडू शकतो? आणि वाटेत अडलास, तर दुसऱ्याच्या पिशवीतला प्लग तुझ्या इंजिनाला बसेल का?