चिक चॉकलेट
(१९१६–१९६७). जॅझ ट्रम्पेटवादक, वाद्यवृंदप्रमुख व चित्रपट-संगीतकार. मूळ नाव आंतोनियु शाविएर वाझ. जन्म गोव्यात, बार्देशमधील हळदोणे येथे. आई लाडाने ‘चिको’ म्हणे, त्याचेच पुढे ‘चिक’ झाले असे सांगतात. मुंबईच्या हॉटेलांतील जॅझ चित्रपटसंगीतात आणणाऱ्या गोमंतकीय वादकांत त्यांचे स्थान अग्रगण्य आहे.

शिक्षण : गावच्या चर्चशाळेत. अशा शाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवली जाई.

हॉटेलांतील कारकीर्द : १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा आफ्रिकी-अमेरिकी वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्यांच्यामागून कॉर्नेटवादक क्रिकेट स्मिथ व पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. त्यामुळे अस्सल जॅझ येथील वादकांना समोर बसून ऐकता आला. चिक यांचा आदर्श लुई आर्मस्ट्राँग. घाम टिपायला हातात रुमाल, गाताना घोगरा आवाज, ही त्यांची लकब होती. ‘मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग’ ही ओळख त्यातून मिळाली. ‘चिक अँड द म्युझिक मेकर्स’ हा त्यांचा वृंद चाळीसच्या दशकात अपोलो बंदरच्या ग्रीन्स हॉटेलात व पुढे ताजमध्ये वाजवत असे. मसुरीतही त्यांचे कार्यक्रम होत.

चित्रपटसंगीत : स्वातंत्र्योत्तर काळात मुंबई राज्यात दारूबंदी आली, हॉटेलांतील रात्रीच्या मैफली ओसरल्या आणि वादकांना स्टुडिओंचा मोठा आधार झाला. संगीतकार हार्मोनियमवर चाल ऐकवी. अरेंजर ती स्वरलिपीत उतरवून घेई, मधले तुकडे रचून प्रत्येक वाद्याचा स्वतंत्र कागद तयार करी. हे काम बहुतांशी गोमंतकीयांकडे होते. फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस व सेबॅस्टियन डिसोझा ही त्यांतील ठळक नावे.

चिक यांची जोडी जमली ती पुणतांब्याच्या सी. रामचंद्र (चितळकर) यांच्याशी. भगवानदादांच्या ‘अलबेला’त (१९५१) ‘शोला जो भडके’ या गाण्यात बोंगो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट व सॅक्सोफोन एकमेकांना उत्तरे देत जातात. नाचाची लय न मोडता चितळकर-लता यांच्या आवाजांना पुरेशी जागा राहते. याच चित्रपटातील ‘दीवाना परवाना’त झालरीच्या बाह्यांचे क्युबन पोशाख घातलेला चिक यांचा वृंद पडद्यावर दिसतो. ‘समाधी’तील (१९५०) ‘गोरे गोरे’च्या लॅटिन अमेरिकी वळणामागेही त्यांचा हात मानला जातो; संगीतकार म्हणून नाव मात्र रामचंद्र यांचे आहे. पुढे त्यांनी मदनमोहन यांच्याकडेही काम केले.

स्वतंत्र संगीत : ‘नादान’ (१९५१), ‘रंगीली’ (१९५२). ‘नादान’मधील तलत महमूद यांचे ‘आ तेरी तस्वीर बना लूँ’ प्रसिद्ध आहे.

मूल्यमापन : चालीचा कर्ता आणि वाद्यमेळाचा कर्ता यांचे श्रेय त्या काळी वेगळे नोंदले जात नसे. केवळ श्रेयनामावलीवरून चिक यांचे काम मोजणे म्हणूनच अन्यायाचे ठरेल. पन्नाशीच्या दशकातील मुंबईच्या चित्रपटसंगीताला नाचरी लय व पितळी वाद्यांचा झळझळीत नाद मिळाला, त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. नरेश फर्नांडिस यांच्या ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ (२०१२) या ग्रंथाने या वादकांकडे पुन्हा लक्ष वेधले.